ओलं नव्हे, दमट

पडद्यांच्या दुकानाच्या मागच्या खोलीत आम्ही दोघी शेजारशेजारच्या मशीनवर बसायचो, बेबीताई आणि मी. पुढे दुकान, मध्ये कापडाच्या गठ्ठ्यांची उभी भिंत आणि भिंतीमागे आम्ही. गिऱ्हाइकाला आमच्या मशीनचा फक्त आवाज ऐकू यायचा. बेबीताई तेव्हा पंचावन्नच्या पुढे गेलेल्या. लहानपणी कुणीतरी लाडाने बेबी म्हटलं असणार, ते पुढे बदलायचं राहूनच गेलं.

हात असा की त्यांनी घातलेल्या चुण्या पडदा टांगल्यावर न सांगता आपापल्या जागी उभ्या राहायच्या. बोलणं मात्र मोजूनमापून. दुपारचा डबाही त्या मशीनवरच उघडायच्या, तोंड भिंतीकडे करून. मी एकदा म्हटलं, "बेबीताई, जरा इकडे वळा की. भिंत काय बोलते तुमच्याशी?" तर म्हणाल्या, "बोलत नाही, म्हणूनच."

लग्न केलं नव्हतं. आईबरोबर राहायच्या आणि आई बरीच वर्षं अंथरुणाला खिळलेली. सगळं करणं यांच्याच अंगावर. आई गेली तेव्हा दुकानात सगळे म्हणाले, सुटली बिचारी. सुटल्या खऱ्या. पण त्यानंतर रोज संध्याकाळी दुकान बंद व्हायची वेळ झाली की त्या उगाच दोऱ्याची रिळं रंगांप्रमाणे लावत बसायच्या. घरी कुणी वाट बघणारं असलं की माणूस असं करत नाही, एवढं मलाही कळत होतं.

त्यांना एक भाऊ आहे, हे मला कळलं ते रुग्णालयातून फोन आला त्या दिवशी. मालकांनी पुढून हाक मारली. बेबीताई एका हातात फोन, दुसऱ्या हातात कात्री, अशा उभ्या. "हो... हो... सख्खा... येते." फोन ठेवून म्हणाल्या, "दादाला झटका आलाय. उजवी बाजू गेली. वाचा गेली."

"कोण दादा?" मी विचारलं.

"माझा," त्या म्हणाल्या, आणि कात्री खोक्यात न ठेवता पिशवीत टाकून निघाल्या. मग मीही निघाले.

बसमध्ये त्यांनी सांगितलं. दादा लिफ्टचा मेकॅनिक, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला एकटाच राहणारा. आईच्या आजारपणात आधी दर आठवड्याला यायचा, मग महिन्याला, मग नुसते फोन. आई गेली त्या दिवशी आला तेव्हा जिना माणसांनी भरलेला. बेबीताईंनी दारातूनच विचारलं, "आता कशाला आलास?" तो दोन पायऱ्या खाली थांबला, वर बघितलं आणि तसाच उतरून गेला.

"त्यानंतर?"

"त्यानंतर काय? बारा वर्षं झाली."

"तुम्ही एक फोन करायचा होता."

"त्यालाही हात होते," बेबीताई म्हणाल्या. मग खिडकीबाहेर बघत बसल्या. मला वाटतं, हात होते हे वाक्य त्यांचं त्यांनाच लागलं असावं.

दादा दिसायला अगदी त्यांच्यासारखा. तेच रुंद कपाळ, तेच आत ओढलेले ओठ. बहिणीला बघून त्याने डोळे मिटले, पुन्हा उघडले, आणि डाव्या हाताने तिचं मनगट धरलं. तोंडातून नुसतेच फुटके आवाज. मग खुंटीवरच्या पँटकडे बोट. खिशात किल्ल्या होत्या. किल्ल्या तिच्या हातात देऊन तो हवेत नागमोडी रेघा काढू लागला.

"नळ? नळ चालू राहिलाय?"

नाही.

"गॅस? खिडकी? पाणी?"

पाण्यावर तो थांबला. अर्धवट मान हलवली, आणि पुन्हा त्याच रेघा. बेबीताई म्हणाल्या, "बरं, पाणी बघते," आणि आम्ही त्याच्या घरी गेलो.

एकच खोली, लख्ख. हत्यारं भिंतीवर मापाप्रमाणे टांगलेली. नळ बंद, गॅस बंद. एकच खुर्ची होती. ती टेबलाकडे किंवा खिडकीकडे वळवलेली नव्हती. तिच्यासमोर खाटेएवढी लांब काचेची पेटी होती. आत नारळाच्या सालीचा भुसा, पाण्याचं पसरट भांडं, झाडाची साल, वर एक मंद दिवा आणि कोपऱ्यात आकडे दाखवणारा छोटा मीटर. मला वाटलं, झाडं वाढवत असेल. मग त्या सालीखाली काहीतरी सरकलं.

मी किंचाळले. बेबीताई किंचाळल्या नाहीत. त्या सरळ बाहेर गेल्या आणि जिन्यात बसल्या.

मी मागोमाग जाऊन शेजारी बसले, तेव्हा म्हणाल्या, "मला वाटत होतं, त्याने कुणीतरी केली असेल. बायको, मैत्रीण, कुणीही. आई आजारी असताना येत नव्हता तो तिच्यापायी, असं मी धरून चालले होते. मनातल्या मनात तिला नावंही ठेवायचे मी. आणि आत हे!"

दुसऱ्या दिवशी त्यांनी भावाला सरळ विचारलं, "दादा, साप पाळलायस?" दादाच्या डोळ्यांत पाणी आलं. निरोप पोचला होता. "मग काय करू त्याचं? देऊन टाकू कुणाला?" त्याने मान इतक्या जोरात हलवली की नर्स धावत आली. "मला नाही हं जमणार," बेबीताई म्हणाल्या. "मी झुरळ दिसलं तरी खोली बदलते." दादा नुसता बघत राहिला. न बोलता येणाऱ्या माणसाशी भांडायचं तरी कसं?

दादा पुन्हा एकटा राहू शकणार नव्हता. त्याला एका देखभाल केंद्रात हलवलं, खोली सोडावी लागली, आणि पेटी बेबीताईंच्या घरी आली. दादाच्या कामावरच्या दोघांनी ती जिन्यावरून वर चढवली. आईची खोली रिकामीच होती, तिथे ठेवली. त्यांच्यातला उंच माणूस घाम पुसत म्हणाला, "कामावर ते कुणाशी फार बोलायचे नाहीत. फक्त थंडी सुरू झाली की रोज विचारायचे, इमारतीतले हीटर चालू झाले का? आम्हाला वाटायचं, थंडी बाधत असेल."

साप अजगराच्या जातीतला, पण आखूड आणि जाडसर. मनगटाएवढा, तपकिरी, अंगावर फिकट ठिपके. विषारी नाही, घाबरला की स्वतःचा चेंडू करून डोकं आत लपवतो. बेबीताई त्याला भाडेकरू म्हणायला लागल्या. "भाडं नाही, बोलणं नाही, आणि वर महाराजांना उंदीर लागतो. तोही बर्फातून काढून कोमट केलेला! माझ्या फ्रिजमध्ये आता दुधाच्या पिशवीशेजारी उंदीर असतात." मला हसू आवरेना. आणि हसता हसता लक्षात आलं की बेबीताई डब्यासकट माझ्याकडे वळून बसल्या होत्या.

तेव्हा थंडी होती. बेबीताईंचं घर वरच्या मजल्यावर, हीटर दिवसभर चालू, हवा पापडासारखी कोरडी. मीटरवर दोन आकडे यायचे. एक गरमीचा, तो कळत होता. दुसरा दादाच्या खोलीत साठच्या आसपास होता, इथे चाळिसाच्याही खाली आला. तो कशाचा ते कुणाला ठाऊक नव्हतं. बेबीताईंना वाटलं, वजन असेल.

मग एके दिवशी सकाळी बेबीताई कामावर आल्या त्या पांढऱ्याफटक चेहऱ्याने. "भाडेकरू आंधळा झाला गं. डोळ्यांवर दूध सांडल्यासारखं झालंय. अंगही मळकट पडलंय. दादाला काय सांगू?" चार-पाच दिवसांनी डोळे थोडे निवळले, आणि मग कात निघायला लागली. निघायला कसली, फाटायला लागली. मानेजवळ एक चिंधी, पोटावर दुसरी, शेपटीला कड्यासारखी आवळून बसलेली तिसरी. बेबीताईंनी जुन्या पडद्याच्या अस्तराची पिशवी शिवली, साप तिच्यात घातला, पिशवी कोटाच्या आत धरली आणि बसने जनावरांच्या डॉक्टरकडे गेल्या. शेजारच्या बाईने विचारलं म्हणे, "मांजर आहे का?" या म्हणाल्या, "तसंच काहीतरी."

डॉक्टर तरुण मुलगी होती, तोंडाने फटकळ. तिने सापाला हातात खेळवत विचारलं, "मावशी, घरात ओलावा किती?"

"घर अगदी कोरडं आहे हो. भिंतींना ओल नाही, काही नाही."

"तेच तर चुकलं. हवेतला ओलावा. मीटर आहे ना? साठ-पासष्ट हवा. कात टाकायची वेळ आली की आणखी थोडा. हवा कोरडी असली की जुनी कातडी सुटत नाही, अंगालाच चिकटून बसते. ही बघा, डोळ्यावरची चकतीसुद्धा राहिलीय. सापाला पापणी नसते, कातेबरोबर डोळ्यावरचा पापुद्राही निघायला हवा. तो ओढायचा नाही हं. नखाने, चिमट्याने, कशानेच नाही, डोळा जाईल. पुढच्या कातेला आपोआप निघेल, हवा नीट ठेवली तर." शेपटीचं कडं तिने कोमट पाण्यात भिजवून हलकेच सोडवलं. मग म्हणाली, "आणि हा नाही, ही आहे. मादी."

"म्हणजे भाडेकरीण," बेबीताई म्हणाल्या.

त्या दिवशी त्यांनी दुकानातली इस्त्रीची फवारणीची बाटली मागून घेतली. मन लावून करायची सवय, त्यात अपराधीपणा. सकाळ, संध्याकाळ, रविवारी दुपारीही फवारा. पेटीच्या काचेवरून पाणी ओघळायला लागलं, आकडा नव्वदीत गेला. बेबीताई खूश. काही दिवसांनी सापाच्या पोटावर बारीक फोड आले. पुन्हा अस्तराची पिशवी, पुन्हा बस.

डॉक्टरने कपाळावर हात मारला. "मावशी, तुम्ही तिला दलदलीत झोपवलंत! अंगाखालचं ओलं राहिलं की पोट कुजतं. हवा कोंडली तर छाती भरते. ओलं नव्हे, दमट. हवा दमट हवी, अंगाखाली कोरडं हवं. कळतंय का फरक?"

"कळतंय," बेबीताई म्हणाल्या, आणि दुकानात येऊन मला म्हणाल्या, "काही कळलं नाही. कोरडं ठेवलं तर चिकटतं, ओलं केलं तर कुजतं. मधलं म्हणजे नेमकं कुठे असतं गं?"

भुसा बदलला, कागद अंथरला, मलम लावलं. सापाच्या पोटाला मलम लावणाऱ्या बेबीताई मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्या. झुरळाला घाबरणारी बाई.

रविवारी त्या दादाकडे जायच्या. केंद्रात लांबच लांब खोली, खिडकीकडेला ओळीने खुर्च्या, प्रत्येकीत एकेक म्हातारा. दादाला शब्द येत नव्हते आणि बेबीताईंना सुचत नव्हते. पहिले काही रविवार दोघं नुसतीच खिडकीतून गाड्यांचा थांबा बघत बसली. नंतर सापाचं निघालं तसं बोलणं निघालं. बोलणं म्हणजे या बोलायच्या, तो मान हलवायचा. फोडांचं ऐकून त्याने चेहरा असा केला की बेबीताई ओशाळल्या. पण तो रागावला नाही. बोटांनी विचारलं, आकडा किती?

ओलसर शेवाळाचा एक डबा पेटीत ठेवा, झाकणाला भोक पाडा, कात टाकायची वेळ आली की ती स्वतःच आत जाऊन बसेल, असं डॉक्टरने सांगितलं होतं. बेबीताईंनी सुकं शेवाळ आणलं, भिजवलं आणि त्या रविवारी चक्क आपल्या जेवणाच्या डब्यातून केंद्रात नेलं. मीही होते त्या दिवशी.

"दादा, डॉक्टरीण म्हणते ओलसर हवं. ओलसर म्हणजे किती?"

दादाने डब्यात डावा हात घातला. मूठभर शेवाळ उचललं आणि पिळलं. पाणी त्याच्या बाहीवर, गुडघ्यांवरच्या शालीवर. पुन्हा पिळलं. मनगटाच्या शिरा ताठ झाल्या. शेवटचा थेंब बराच वेळ करंगळीला लटकून पडला. मग त्याने मूठ उघडली, दाबलेला गोळा अंगठ्याने मोकळा केला, फुलवला, बहिणीच्या तळहातावर ठेवला आणि तिची बोटं त्यावर मिटवली.

"एवढं?"

त्याने मान डोलावली. हात मात्र काढून घेतला नाही.

केंद्रातली मदतनीस ओली शाल बघून ओरडली, "काय हा पसारा! लहान आहात का दोघं?" दादाच्या ओठाची चांगली बाजू वर गेली. तो हसत होता.

त्याला चेव आला. टेबलावरचा पाण्याचा पेला उचलून त्याने खिडकीतल्या कुंडीत ओतला. मधोमध नाही, अगदी कडेने, चारी अंगांना थोडं थोडं. मग वरच्या मातीवर बोट टेकवून दाखवलं, हे कोरडं. बोट खाली खुपसून दाखवलं, हे ओलं. बेबीताईंना एकदम उजेड पडला. "म्हणजे फवारायचं नाहीच! भुशाच्या कोपऱ्यांत ओतायचं, ते खालून वर येतं. आणि पेटीवरची जाळी?" त्याने शाल ओढून कुंडीचा अर्धा भाग झाकला. जाळी अर्धी झाका. डॉक्टरने तोंडाने सांगूनही न कळलेलं सगळं त्याने एका हाताने सांगितलं.

परतीच्या वाटेवर त्या तळहात नाकाशी नेऊन वास घेत होत्या. शेवाळाचा. मी दुसरीकडे बघितलं.

पुढच्या एका रविवारी त्यांनी धीर केला. मला नंतर त्यांनीच सांगितलं. म्हणाल्या, "दादा, त्या दिवशी जिन्यात मी सगळ्यांसमोर जे बोलले..." दादा ऐकत होता. मग त्याने डाव्या हाताने हवेत ते झटकून टाकलं, आणि अधीर होऊन बोटं नाचवली. आकडा किती?

"बासष्ट," बेबीताई म्हणाल्या.

तो खुर्चीत मागे टेकला.

"मी मनात इतकं काय काय जुळवून गेले होते," त्या मला म्हणाल्या. "त्याने माफ केलं, की त्याला कळलंच नाही, की त्याला तो विषय नकोच होता, काय समजायचं? विचारणार कसं?" पडद्याची कड दुमडता दुमडता टाका चुकला. त्यांचा टाका चुकलेला मी पहिल्यांदा बघितला.

पुढची कात आली तेव्हा हवा तयार होती. डोळे निळसर झाले, तशी भाडेकरीण आपण होऊन शेवाळाच्या डब्यात जाऊन बसली. बेबीताईंनी दुकानातून रजा घेतली. सापाच्या कातेसाठी रजा, मालकांना मी काय सांगितलं ते सोडा. संध्याकाळी फोन आला. आवाज लहान मुलीचा. "अगं, अख्खी निघाली! नाकापासून शेपटापर्यंत, मोजा उलटा काढावा तशी. डोळ्यांच्या दोन्ही चकत्या आहेत. मागे राहिलेली जुनीसुद्धा!"

दोन दिवसांनी रविवार. पडद्याच्या कापडाची पुठ्ठ्याची नळी असते, तिच्यावर त्यांनी ती कात अलगद गुंडाळली, वर पातळ कागद. दादाच्या मांडीवर ठेवून उलगडली. जाळीदार, पारदर्शक, खवल्याखवल्यांची. दादाने अंगठा डोक्यापाशी नेला. डाव्या डोळ्याची चकती चाचपली. मग उजव्या. मग सगळी लांबी बोटाखालून सरकवत शेपटीच्या टोकापर्यंत गेला. आणि तोंड उघडलं.

"अख्खी," दादा म्हणाला.

स्पष्ट. झटक्यानंतरचा पहिला शब्द.

बेबीताईंनी ओरडून मदतनीस बाईला बोलावलं, तिने डॉक्टरांना. सगळे जमले. "पुन्हा म्हणा, काका." "अख्खी," दादा म्हणाला. "हे काय आहे?" डॉक्टरांनी पेला दाखवला. "अख्खी." "आणि ही कोण?" दादाने बहिणीकडे बघितलं, ओठ जुळवले, कपाळाला आठ्या घातल्या, जिवाचा आटापिटा केला. "अख्खी," तो म्हणाला, आणि त्याचं त्यालाच कळलं की हे ते नव्हे.

तसं होतं म्हणे कधी कधी. सगळी वाचा जाते आणि एकच शब्द हाताशी राहतो. बोलणं शिकवणाऱ्या बाई पुष्कळ दिवस यायच्या, पण दुसरा शब्द आला नाही. तहान लागली तर अख्खी, खिडकी लावा तर अख्खी, निघालीस का एवढ्यात, तरी अख्खी. बेबीताईंना सुरावरून कळायला लागलं. भांडण्याचीसुद्धा एक अख्खी होती. "बारा वर्षं एक शब्द बोलला नाही," त्या म्हणायच्या, "आता बोलतो तर एकच शब्द. पण दर रविवारी बोलतो." हे सांगताना त्या हसायच्या. मी हसायचे नाही.

दुसऱ्या थंडीत दादा गेला. आठवड्याच्या मधल्या दिवशी. बेबीताई तेव्हा एका हॉटेलच्या मोठ्या पडद्यांना काठ घालत होत्या. फोन ऐकून त्यांनी उरलेला काठ पुरा केला, दोरा तोडला आणि मग उठल्या. निरोप द्यायला आम्ही थोडीच माणसं. मी, लिफ्टवाले दोघं, केंद्रातली ती ओरडणारी मदतनीस. सगळ्यांत जास्त तीच रडली.

त्यानंतर भाडेकरणीने खाणं सोडलं. एकदा उंदीर दिला, बघितलाही नाही. पुन्हा दिला, तोंड फिरवलं. महिना गेला, दुसरा गेला. बेबीताईंनी पिशवी काढली आणि डॉक्टरकडे नेली. मी सोबत होते.

"तिला कळलंय," बेबीताई म्हणाल्या. "दादा गेल्यापासून अन्नाला शिवली नाही."

डॉक्टरने वजन केलं, तोंड उघडून बघितलं, पोट चाचपलं. ठणठणीत. मग हातमोजे काढून ती बेबीताईंच्या शेजारी बाकावर बसली. पहिल्यांदाच हळू आवाजात बोलली. "मावशी, या जातीचे साप थंडीत महिनोन्‌महिने खात नाहीत. मागच्या थंडीतही कमीच खाल्लं असणार. तिला ऊब कळते, ओलावा कळतो, वास कळतो. तुमचा भाऊ गेला हे तिला कळलेलं नाही. तुम्ही कोण, हेही तिला कळत नाही. वाईट वाटून घेऊ नका."

बेबीताईंनी तिला उचलून पिशवीत घातलं. मग म्हणाल्या, "बरं आहे. घरात एकीला तरी कळायला नको."

त्याच डॉक्टरने पुढे एका जोडप्याचं नाव सुचवलं. पुष्कळ साप पाळणारं, हौशी, प्रेमळ. "ही जात तीस-तीस वर्षं जगते, मावशी. तुमचंही वय होतंय. देऊन टाका, मोकळ्या व्हा." बेबीताई हो म्हणाल्या. आम्ही दोघी पिशवी घेऊन गेलो. नवराबायको खरंच चांगली. एका भिंतीला ओळीने काचेच्या पेट्या, वायरी, बारीक नळ्या. नवरा उत्साहाने दाखवत होता. "काकू, इथे सगळं आपोआप. आकडा जरा उतरला की हे यंत्र धुकं सोडतं. चढला की पंखा लागतो. आम्ही आठ-आठ दिवस गावाला जातो, फिकीर नाही."

"म्हणजे कुणाला बघावंच लागत नाही?"

"अजिबात नाही. काळजीच नको."

बेबीताईंनी सगळ्या पेट्यांवरून एकदा नजर फिरवली, चहा घेतला, त्याच्या बायकोने केलेल्या पडद्याच्या चुण्यांचं कौतुक केलं, आणि पिशवीची गाठ पुन्हा घट्ट केली. "अजून थोडे दिवस राहू दे माझ्याकडे," म्हणाल्या.

बसमध्ये मी विचारायच्या आधी त्याच म्हणाल्या, "माणसं चांगली आहेत. माझ्यानंतर त्यांच्याकडेच पोचव हिला, तुला सांगून ठेवते. पण काळजीच नको म्हणतो तो. मला कशाला काळजी नको? काळजी गेली तर मी संध्याकाळी करू काय?"

आता त्या निवृत्त झाल्या. त्यांच्या मशीनवर एक नवी मुलगी बसते, कानात गाणी घालून. मी महिन्या-दोन महिन्यांनी बेबीताईंकडे जाते. चार दिवस माझ्याकडे राहायला या म्हटलं तर ठरलेलं उत्तर येतं, "आणि आकडा कोण बघेल?" मी बघेन, असं म्हणायला हवं, पण मला अजूनही त्या खोलीत पाय ठेवायला नको वाटतं, आणि त्या ते ओळखून आहेत.

मागच्या वेळी गेले तेव्हा दिसलं, त्यांनी आपली खाट पेटीच्या खोलीतच आणलीय. म्हणाल्या, "इथली हवा बरी आहे गं. मला थंडीत ओठ फुटायचे, रक्त यायचं, आठवतं ना? आता फुटत नाहीत. घसाही बरा असतो." त्यांनी पेटीच्या चार कोपऱ्यांत तांब्याने थोडं थोडं पाणी ओतलं, भुशात बोट खुपसून बघितलं, बोट पदराला पुसलं. सालीखालून डोकं बाहेर आलं, जीभ दोनदा हलली, डोकं आत गेलं. "एवढंच," बेबीताई म्हणाल्या. "दिवसभरात एवढंच. पण येते बाहेर."

निघताना मी दारात रेंगाळले. मालकांचं, नव्या मुलीचं, माझ्या गुडघ्याचं, काहीबाही सांगत राहिले. त्या ऐकत होत्या, पण नजर सारखी माझ्या खांद्यावरून जिन्यातल्या कोरड्या वाऱ्याकडे जात होती.

"बरं, मी दार लावते हं," शेवटी त्या म्हणाल्या. "हवा जातेय."

आणि त्यांनी दार लावून घेतलं. मी जिना उतरायला लागले.